उतार धरून ठेवणारा घाट

पुण्या-मुंबईची दोन माणसं एखाद्या लग्नात भेटली, की तब्येतीची चौकशी मागे पडते. पहिला प्रश्न असतो, "कसे आलात? घाटात अडकलात का?" मग एक जण खालापूरच्या टोलनाक्यापासून लागलेली रांग वर्णन करतो, दुसरा जुन्या रस्त्याने खोपोलीवरून वर चढण्यात आपण किती शहाणपणा केला ते सांगतो, आणि कुणी न विचारता एखादे काका "म्हणून म्हणतो, रेल्वेने यावं" असं ऐकवून पंगतीकडे वळतात. हे सगळं ज्या जेमतेम तीस किलोमीटरांवरून चालतं, तो भोरघाट. बोरघाट म्हणा, खंडाळ्याचा घाट म्हणा, पत्ता एकच.

या गप्पांमध्ये घाट नेहमी चढायचा असतो. गाडी गरम झाली, दुसरा गिअर टाकावा लागला, कर्जतला मागून इंजिन जोडलं. घाटात नोकरी केलेल्या रेल्वेच्या माणसाला मात्र बोलतं करा, तो उतरण्याबद्दल बोलेल. माझ्या मते घाटाचं खरं यंत्र तिथेच आहे. चढायला ताकद पुरते, आणि ताकद विकत मिळते. उतरायला पद्धत लागते, आणि ती पद्धत बसवण्यात दीडशे वर्षं गेली आहेत.

कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर. त्यातला सगळ्यात कडक चढ ३७ला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवायचाही नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं तेव्हा हिशेब बदलतो. हजार टनांची गाडी धरली, तर या चढावर तिला नुसतं जागेवर धरून ठेवायला सुमारे २७ टनांचा जोर लागतो. पुढे सरकणं, वळणांवरचं घर्षण, पावसाने ओले झालेले रूळ हे सगळं त्यावर. आणि वर जाताना इंजिनाने लावलेल्या याच जोराने उतरताना गाडी आपणहून खाली खेचत असते, फुकट आणि अखंड.

ही वाट रेल्वेच्या आधीपासून वाहती आहे. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधवलेला तलाव आणि देऊळ वाटसरूंच्या वर्दळीची साक्ष देतात. चाकाच्या गाड्या वर नेता येतील असा रस्ता मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात, १८३० साली खुला झाला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, आणि मग रेल्वेवाल्यांची नजर याच डोंगराकडे गेली.

मधल्या काही वर्षांची अवस्था मला फार आवडते. १८५६ साली खालून गाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मध्ये डोंगर. तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी खोपोलीला आगगाडीतून उतरायचा, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी पकडून घाट चढायचा आणि वर पुन्हा आगगाडीत बसायचा. पाचेक वर्षं हा प्रकार चालला. तेव्हाही लग्नात भेटल्यावर लोक घाटाबद्दलच बोलत असणार.

डोंगर फोडायचं काम १८५६च्या जानेवारीत सुरू झालं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखणी केली होती: सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरची चढण, २५ बोगदे आणि आठ मोठे कमानी पूल. पहिला ठेकेदार फॅव्हिएल. त्याच्या कामावर मजुरी थकली, १८५९ साली मजुरांचा दंगा झाला, आणि त्याने ठेका सोडला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि घाटात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका आपल्या नावावर पुढे नेला. कामावर देखरेख करायला तिने अनुभवी अभियंते नेमले आणि घाट पुरा करून दिला. १८५९ साली, परक्या देशात, विधवा बाई हजारो मजुरांच्या कामाची ठेकेदार होते ही गोष्ट आपल्याकडे म्हणावी तितकी सांगितली जात नाही. त्यातल्या त्यात तिचं नाव तरी टिकलं. १८६१च्या हंगामात या डोंगरावर बेचाळीस हजारांच्या आसपास माणसं राबत होती. दोर बांधून कड्यावरून खाली सोडायचं, लोंबकळत खडकात सुरुंगाची भोकं पाडायची, असं ते काम. पटकीने आणि तापाने किती मेले याचे आकडे मोठे सांगतात. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. बर्कलीही घाट सुरू झालेला पाहायला उरला नाही. तो १८६२ साली वारला, आणि गाडी १८६३ साली वर चढली.

नाव नसलेल्यांपैकी एकाला लोकांनी मात्र स्वतःच्या हाताने नाव दिलं. जुन्या रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. सांगतात ते असं: साहेबाला डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. काय बक्षीस हवं असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कागदोपत्री याला आधार शोधू नये. पण मेंढरं घेऊन पिढ्यान् पिढ्या घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांनाच सोप्या चढाची वाट ठाऊक असणार, एवढं त्यात शंभर टक्के खरं आहे. अजूनही ट्रकवाले देवळासमोर गाडी हळू करतात आणि नाणं टाकतात. घाटात गाडी हळू करायला लावणारी कुठलीही गोष्ट मला पूज्यच वाटते.

बर्कलीच्या आखणीतली सगळ्यात चमत्कारिक जागा म्हणजे खंडाळ्याच्या खालचं रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराच्या नाकाडावर गाडी गोल वळवायला जागाच नव्हती. म्हणून गाडी तिथल्या अरुंद सपाटीवर आणायची, थांबवायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. यात जागेची अडचण तर सुटलीच, पण उतरणाऱ्या गाडीला एक सक्तीचा थांबाही मिळाला. त्या काळी सगळ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक नव्हते. ब्रेकवाले आपापल्या डब्यावर हाताने चाक फिरवत, आणि घाटासाठी खास मागवलेल्या टाकीवाल्या इंजिनांना चाकांऐवजी थेट रुळावर दाबून बसणारे ब्रेक होते. तरीही १८६९ साली उताराला सुटलेली एक गाडी या स्टेशनच्या टोकाला येऊन कोसळली. त्याआधी १८६७च्या पावसाळ्यात, बांधून चार वर्षं होतात न होतात तोच, घाटातला एक मोठा कमानी पूलच ढासळला होता.

आता पुलाचा विषय निघालाच आहे, तर अमृतांजन पूल. एक्सप्रेसवेवर लोणावळ्याच्या खाली दगडी खांबांचा जो उंच पूल होता, त्यावर कधीकाळी अमृतांजन बामची मोठी जाहिरात होती, आणि पुलाला तेच नाव चिकटलं. इतकी वर्षं टिकलेली दुसरी जाहिरात मला माहीत नाही. पूल होता रेल्वेचा, रिव्हर्सिंग स्टेशनच्या मार्गावरचा. वर्तमानपत्रांतून तो १८३० सालचा असल्याचं हमखास छापून येई. पण तेव्हा हिंदुस्थानात रेल्वेच नव्हती. १८३० हे साल घाटाच्या गाडीरस्त्याचं. १९२९च्या सुमारास नवे बोगदे खोदून रुळांची आखणी बदलली, रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं, आणि पुलाला काम उरलं नाही. तो नुसताच उभा राहिला. २००२ साली एक्सप्रेसवे पुरा झाला तोही त्याच्या खांबांमधूनच काढलेला. उतारावर, वळणावर, भरधाव गाड्यांना दोन खांबांमध्ये मावून जायचं होतं. कोंडी आणि अपघात ठरलेले. अखेर एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस पडला असताना, सुरुंग लावून पूल पाडला. वारसाप्रेमींना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण निकामी पुलाच्या खांबांमधून महामार्ग नेण्याचा निर्णय ज्या दिवशी झाला, त्याच दिवशी पूल गेला होता. सुरुंग नंतर लावला इतकंच.

नव्या आखणीबरोबरच वीज आली. कल्याण ते पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावली. मालगाड्यांसाठी स्विस रचनेची, मधे उंच आणि दोन्हीकडे लांब नाक असलेली इंजिनं आली. चाकांना जोडलेले त्यांचे बाहेरचे दांडे असे काही हलत, आणि थांबताना-निघताना ती अशी कण्हत, की रेल्वेच्या लोकांनी त्यांना 'खेकडा' म्हणून टाकलं. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक खेकडा ठेवलेला आहे. मुलांना दाखवायला न्या, पण स्वतःही नीट बघा.

आज कर्जतला गाडी थांबते तेव्हा फलाटावर दोन कामं एकदम चालतात. आत बटाटेवड्याची देवाणघेवाण, आणि मागे बँकर जोडणं. बँकर म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं. ती पुढे का जोडत नाहीत, हा प्रश्न डब्यात दर वेळी कुणीतरी विचारतोच. सगळी ताकद पुढून लावली तर सगळ्या गाडीचं ओझं पहिल्या काही कपलिंगवर येईल, आणि ३७ला एकच्या चढावर कपलिंग तुटणं म्हणजे मागचे डबे कर्जतकडे परत निघणं. मागे बँकर असला की ओझं वाटलं जातं: पुढचे डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात. लोणावळ्याला तो सुटतो आणि पुढच्या गाडीसाठी घाट उतरून खाली येतो.

आता उतरण्याबद्दल. लोणावळ्याहून मुंबईकडे निघण्याआधी ब्रेकची तपासणी होते. वेग तीस किलोमीटरांच्या आसपास बांधलेला असतो. विजेच्या इंजिनाची मोटर उतारावर उलट्या कामाला लावता येते: ती जनित्र बनते आणि चाकांना रोखून धरते. त्यातून निघालेली वीज जुन्या इंजिनांत उष्णता होऊन जाते, नव्यांत तारेत परत जाते, म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला थोडा हात देते. पण खरी अक्कल रुळांत आहे. मंकी हिल, ठाकूरवाडी, जामरुंग या घाटातल्या चिमुकल्या ठाण्यांची नावं प्रवाशांना माहीत असतात ती गाडी तिथे विनाकारण थांबते म्हणून. पाऊस असला तर लोक दारात जाऊन धबधबे बघतात, नसला तर रेल्वेच्या नावाने बोटं मोडतात. कारण असतं. उताराच्या वाटेवर कॅच सायडिंग असतात: मुख्य मार्गातून फुटून डोंगरावर चढत जाणारा, वाळू टाकलेला, कुठेच न पोहोचणारा रुळाचा तुकडा. सांधे नेहमी त्या तुकड्याकडेच वळवून ठेवलेले असतात. गाडीने सिग्नलपाशी पूर्ण थांबून दाखवायचं. मग सांधे फिरतात आणि खालची वाट मोकळी होते. जी गाडी थांबू शकली नाही, ती आपोआप त्या चढावर जाते आणि तिथे दमते.

म्हणजे उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक गेलेला आहे असं रेल्वे धरूनच चालते, आणि तसं नसल्याचं दाखवण्याची जबाबदारी गाडीवर टाकते. ड्रायव्हर कितीही जुना असो, गाडी राणीच्या नावाची असो.

बाजूच्या रस्त्यावर नेमका उलटा कारभार आहे. तिथे प्रत्येक वाहनाचा ब्रेक उत्तम आहे असं गृहीत धरलेलं असतं. अंडा पॉइंट, बॅटरी हिल अशा वळणांची नावं अपघाताच्या बातम्यांतूनच घराघरांत पोहोचली. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची जुनी खोड ट्रकवाल्यांना आहे. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर लागत नाही. गिअरमध्ये उतरा म्हणून पाट्या लावल्या आहेत. पाटी सांधा फिरवू शकत नाही. या पट्ट्याला वळसा घालण्यासाठी 'मिसिंग लिंक' हा पर्यायी मार्ग आखला गेला तो लांब बोगदे आणि दरीवरचा उंच पूल घेऊन. अवघड वळणं दुरुस्त करण्यापेक्षा ती सोडूनच देण्याचा हा हिशेब.

घाटातल्या रेल्वेचं सगळ्यात मोठं वैर मात्र पावसाशी आहे. दर उन्हाळ्यात हिल गँगची माणसं कड्यांवर चढून सुटू पाहणारे धोंडे हेरतात आणि ते स्वतःच पाडतात, म्हणजे जुलैत ते रुळावर यायला नकोत. जाळ्या बसवतात, बोगद्यांची तोंडं पुढे वाढवतात. तरी २०१९च्या पावसाळ्यात मंकी हिलच्या बाजूला मार्ग असा खचला की कित्येक गाड्यांचं वेळापत्रक महिनोन् महिने विस्कटलेलं राहिलं.

२०२३पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत या घाटातून जाते. तिच्या मोटारी गाडीभर विभागलेल्या असल्याने ती बँकरशिवाय चढते आणि कर्जतला थांबत नाही. त्यामुळे तिच्या प्रवाशांचा वडा हुकतो, ही तक्रार मी गंभीरपणे केलेली ऐकली आहे. उतरताना घाटातली वेगमर्यादा मात्र तिलाही पाळावी लागते.