नेम माशाच्या खाली

अमेरिकेतल्या इलिनॉय नदीच्या काही पट्ट्यांत मोटरबोट सुरू झाली की मासे उडू लागतात. एकदोन नव्हे, थव्याने. चांदीसारख्या अंगाचे, चांगले तीन-चार किलोंचे मासे आवाजाने बिथरून दहा-दहा फूट झेप घेतात, बोटीत धपाधप कोसळतात, माणसांच्या तोंडावर आदळतात. नाक-जबडे मोडल्याच्या घटना घडल्या आहेत. त्याच बोटीच्या नाळेवर, उंचवट्याच्या फळीवर पाय रोवून एकजण धनुष्य ताणून उभा असतो. हवेतल्या हवेत बाण माशात घुसतो आणि बाणाला बांधलेल्या दोरीने मासा ओढून घेतला जातो.

हा मासा आपल्याला परका नाही. आपल्याकडे गावतलावांत, शेततळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला गवत्या, सायप्रिनस आणि चंदेरा यांचं बीज सोडतात. त्यातला चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, तो हाच. मूळचा चीनकडचा. तिकडे शतकानुशतकं तो आवडीने पाळला आणि खाल्ला जातो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आर्कान्सा राज्यात चंदेरा आणि त्याचा थोराड भाऊबंद बिगहेड यांना आणलं, ते मत्स्यतळी आणि सांडपाण्याची तळी साफ ठेवण्यासाठी. पुढे तळ्यांतून निसटून ते मिसिसिपीत पोहोचले आणि तिथून उपनद्यांत शिरले. माशाने काही गुन्हा केला नव्हता. त्याला जिथे नेऊन सोडलं तिथे तो जगला, एवढंच.

पण त्याच्या जगण्याची रीतच अशी की शेजाऱ्यांच्या तोंडचा घास जातो. चंदेऱ्याच्या कल्ल्यांत बारीक चाळण असते. पाणी गाळत गाळत तो सूक्ष्म वनस्पती खातो, तर बिगहेडचा भर सूक्ष्म प्राण्यांवर. नदीतल्या जवळजवळ प्रत्येक माशाचं पिल्लू सुरुवातीचे दिवस याच खाण्यावर काढतं. इलिनॉय नदीत हे दोघे वाढल्यावर तिथले मूळचे गिझार्ड शॅड आणि बिगमाऊथ बफेलो हे मासे आधीपेक्षा रोड झाल्याचं अभ्यासकांना दिसलं. आपल्याकडेही हे घडलं आहे. हिमाचलातल्या गोविंद सागर जलाशयात १९७१मध्ये चंदेरा अपघाताने शिरला. पुढे तिथल्या मासेमारीत त्याचंच राज्य आलं आणि कटला मागे पडला.

गाळून खाणारा मासा आमिषाकडे ढुंकून पाहत नाही. गळ टाकून बसणाऱ्याचा दिवस फुकट जातो. म्हणून हौशी माणसाच्या हाती धनुष्य आलं.

बाण साधा नसतो. फायबरग्लासचा भरीव आणि जड, कारण हलका बाण पाण्यात शिरताच मंदावतो. मागे पिसं नसतात, ती पाण्यात त्याला भलतीकडे वळवतील. टोकाला उलटे आकडे असतात, घुसलेला बाण सुटू नये म्हणून. दोरी थेट बाणाच्या शेपटाला बांधत नाहीत, बाणावर सरकणाऱ्या छोट्या कडीला बांधतात. शेपटाला बांधलेली दोरी धनुष्यात अडकली तर बाण उलटा फिरून मारणाऱ्याच्याच अंगावर येऊ शकतो. ही बोटभर कडी माणसाचा डोळा वाचवते, जीवही.

मासा पाण्यात असेल तेव्हा खरी परीक्षा. विहिरीत तिरकी घातलेली काठी मोडल्यासारखी दिसते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलंय. तसाच मासाही दिसतो तिथे नसतो. सरळ वरून पाहिलं तर चार फूट खोलीवरचा मासा तीन फुटांवर भासतो, आणि तिरकं पाहिलं तर फसगत आणखी वाढते. म्हणून शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो, नेम माशाच्या खाली धर, आणि वाटतं त्याहूनही खाली.

एवढं करून नदी रिकामी होते का? नाही. एकेक मादी लाखोंनी अंडी घालते. मोठा उपसा जाळ्यांनीच होतो. २०१८मध्ये मिझुरीतल्या क्रेव्ह कूर तलावात आवाजाने मासे हाकत जाळ्यात आणण्याची चिनी रीत वापरली, तेव्हा एक लाख किलोंहून जास्त मासे निघाले. मासे मिशिगन सरोवरात शिरू नयेत म्हणून शिकागोच्या कालव्यात २००२पासून विजेचा बांध चालू आहे. २०२२मध्ये इलिनॉय राज्याने या माशांना ‘कोपी’ असं नवं नाव देऊन ते ताटात यावेत म्हणून प्रचार सुरू केला. ते मला मनापासून पटतं. मारलेले मासे काठावर कुजत टाकून जाण्याच्या तक्रारी या शिकारीबद्दल होत आल्या आहेत. अन्न असं फेकलेलं मला बघवत नाही.

त्याहून मोठी चिंता वेगळीच आहे. गळाला लागलेला मासा परत सोडता येतो, बाण लागलेला नाही. रात्री दिवे लावून उथळ पाण्यात फिरणाऱ्या बोटींसमोर फक्त परके मासे येत नाहीत. मघाशी उल्लेख आला तो बिगमाऊथ बफेलो तिथला अस्सल रहिवासी आहे. वर्षानुवर्षं त्याला ‘टाकाऊ मासा’ म्हणून मोजलं गेलं. काही धनुर्धारींनाच त्याच्या अंगावरचे काळे-नारिंगी ठिपके पाहून नवल वाटलं. कानातल्या खड्याचे काप घेऊन त्यावरची वलयं मोजल्यावर २०१९मध्ये कळलं की मिनेसोटातला असा एक मासा ११२ वर्षांचा होता. ठिपकेही वयाबरोबर वाढतात. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधी जन्मलेला जीव, आणि त्याला संपवायला एक क्षण पुरतो.

सायप्रिनस तिकडे परका आहे, त्याच्यावर बाण चालवायला हरकत नाही. पण तो आणि बफेलो वरून बरेच सारखे दिसतात. सायप्रिनसच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, बफेलोला मिशा नसतात. दिव्याच्या झोतात, गढूळ पाण्यात आधी दिसते ती फक्त रुंद, काळपट पाठ. मिशा दिसायला मासा वळावा लागतो. तो वळेपर्यंत दोरी ताणू नये.