नाण्याची किंमत कशावर ठरते?

नाण्यावर छापलेली रक्कम, म्हणजेच त्याचे दर्शनी मूल्य, शासन ठरवते. संग्राहक त्यासाठी जी किंमत मोजतो, ती मात्र नाण्यातील धातू, शिल्लक नगांची संख्या आणि नाण्याची अवस्था यांवर ठरत असल्यामुळे केवळ जुनेपणाला बाजारात फारसा भाव मिळत नाही.

ब्रिटिश अमलातील रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात जवळपास ९२ टक्के चांदी असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीचा झिजलेला रुपयाही चांदीच्या भावाने खपतो, तर १९४७ च्या रुपयाला धातू म्हणून फारशी किंमत येत नाही.

धातू आणि वजन सारखे असूनही किमतीत मोठा फरक पडतो, तो दुर्मिळतेमुळे. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर, राजाच्या पोशाखावर कोरलेल्या हत्तीची सोंड इतकी आखूड होती की तो डुकरासारखा भासे; मुस्लिम समाजातून आक्षेप आल्यावर हे नाणे मागे घेण्यात आले, बहुतेक नग वितळवले गेले आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती दिसू लागला. परिणामी १९१२ चा रुपया सहज मिळतो, परंतु १९११ च्या रुपयासाठी, ज्याला संग्राहक ‘पिग रुपी’ म्हणतात, कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांत सालाखालची टांकसाळीची खूणही पाहावी लागते: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, तर कोलकात्याची खूणच नसते. एकाच साली एखाद्या टांकसाळीतून कमी नाणी निघाली असतील, तर तेवढ्याच नाण्यांना मागणी येते. चलनात न फिरलेल्या, ठसे स्पष्ट असलेल्या नाण्याला सर्वाधिक भाव मिळतो. उलट चिंच किंवा राख लावून लखलखीत केलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग खरवडला जात असल्याने त्याची किंमत घटते.

नाणे विकताना कायदा आणि फसवणूक या दोन्हींचे भान ठेवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. वैष्णोदेवीच्या चित्राची अलीकडची नाणी लाखो रुपयांना विकत घेण्याची आमिषेही समाजमाध्यमांवर दाखवली जातात. वस्तुतः अशा व्यवहारांशी आपला संबंध नसून आपण त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. खरा खरेदीदार नाणे हाताळून, वजन करून आणि खूण तपासून भाव सांगतो; त्याआधी नोंदणीचे पैसे मागणाऱ्याला नाण्यात रस नसतो.