कालवाचे चंचल बालपण

ओहोटी लागली की कोकणात आणि गोव्यात खाडीकाठच्या स्त्रिया खडकांवरील कालवे काढावयास निघतात. कालव खडकाला इतके घट्ट बसलेले असते की ते दगडाचाच भाग वाटावे. असा हा जन्माचा बैठा प्राणी आपला वंश वाढवितो तरी कसा?

नर-मादीची भेट येथे समुद्रच घडवून आणतो. पाणी पुरेसे उबदार झाले म्हणजे नर आपले शुक्रजंतू पाण्यात सोडतो. त्यांची चाहूल लागताच आसपासच्या माद्या अंडी सोडू लागतात. एकेक मोठी मादी कोट्यवधी अंडी घालते. मौज अशी की, पुष्कळ कालवे प्रथम नर असतात व पुढे मादी बनतात.

युरोपातील कालवाची मादी मात्र आपली पिले काही दिवस शिंपल्याच्या आतच सांभाळते. अमेरिकेतील कालवही तसेच करीत असावे, असा विद्वानांचा समज होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विल्यम ब्रूक्स यांनी चेसापीक उपसागरातील पुष्कळ कालवे उघडून पाहिली, पण आत पिले सापडेनात. तेव्हा १८७९ साली त्यांनी अंडी व शुक्रजंतू समुद्राच्या पाण्यात एकत्र केले, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली अंडी वाढीला लागलेली दिसली. छापील मतापेक्षा भांड्यातल्या पाण्यावर विश्वास ठेवणारा हा प्राध्यापक मला फार आवडतो.

अंडे मिलीमीटरच्या विसाव्या भागाएवढे असते. फलन झाल्यावर एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा त्याच्या पेशी वाढत जातात. काही तासांतच त्यावर सूक्ष्म लव फुटते आणि तो जीव पोहू लागतो. साधारण एका दिवसात त्याला दोन नाजूक शिंपले येतात. त्यांतून लवेची झालर बाहेर काढून तो तरंगतो आणि त्याच झालरीने सूक्ष्म वनस्पती गोळा करून खातो. हे भटके जीवन दोन-तीन आठवडे चालते. बहुतेक पिले या काळातच माशांच्या वा इतर जलचरांच्या तोंडी पडतात.

जी उरतात त्यांना एक छोटा पाय आणि डोळ्यासारखा काळा ठिपका येतो. पिलू तळाशी उतरते, पायाने जागा चाचपते, नापसंत पडली तर पुन्हा पोहून पुढे जाते. जागा मनास आली की सिमेंटासारखा चिकट रस सोडून डाव्या शिंपल्यावर कायमचे बसते. मग झालर जाते, पायही जातो. ही निवड आयुष्यात एकदाच करावयाची असते.

पिलांना विशेष आवडते ती जुन्या कालवांच्या शिंपल्यांची जागा. आणि नेमके तेच शिंपले माणूस उचलून नेत आला. कोकणात त्यांचा चुना भाजला गेला. चेसापीककाठी तर चुन्याबरोबर रस्त्यांवरही ते पसरले गेले. पिले होती, पण त्यांना बसावयास जागा उरली नाही. बेसुमार पकड आणि रोग यांचीही भर पडून तेथील कालवे पूर्वीच्या मानाने अत्यल्प राहिली आहेत. आता तेथील उपाहारगृहांतून रिकामे शिंपले गोळा करतात, धुऊन मोठ्या हौदांत रचतात आणि त्यांत प्रयोगशाळेत वाढविलेली पोहती पिले सोडतात. पिले शिंपल्यांना चिकटली की ते सारे उपसागरात नेऊन टाकतात.