द्राक्षाच्या पेटीवरचा नंबर

मार्केटिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? जाहिरात, रील, एखादा क्रिकेटपटू? मग जरा नाशिकच्या द्राक्षांकडे बघा. दरवर्षी ती युरोपात जातात, पण तिथे त्यांना विकतो कोणता चेहरा? कुठलाच नाही!

2010 साली काय झालं ते ऐका. वेलीची वाढ आवरायला आपले बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सगळे ज्याला सीसीसी म्हणतात ते, वापरायचे. त्याचे अंश युरोपातल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. आता यातली कडू गंमत बघा. निर्यातीआधी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत हे नावच नव्हतं! माल गोड होता, मणी टपोरे होते. नियम मात्र बागेपर्यंत पोचलाच नव्हता.

त्या फटक्यात सापडलेल्यांपैकी एक विलास शिंदे. 2011 मध्ये त्यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन ‘सह्याद्री’ ही उत्पादक कंपनी उभी केली. पुढे या कंपनीने परदेशी ‘आरा’ जातींचे परवाने मिळवून त्या इथल्या बागांत लावल्या. नुसतं ‘थॉमसन’ पिकवत बसायचं की तिकडच्या गिऱ्हाइकाला काय आवडतं ते बघून वेल लावायची? माझ्या मते खरं मार्केटिंग इथे आहे, आणि ते माल विकायला काढण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

तरीही धक्के थांबत नाहीत. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. 2024 च्या हंगामात बरीचशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. साधारण दोन आठवडे जास्त. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला दोन आठवडे म्हणजे फार झाले. अशा वेळी कोणता माल जास्त टिकेल ते ओळखून तोच आधी भरायचा, उशीर होणार हे गिऱ्हाइकाला त्याने विचारायच्या आत कळवायचं. हे जमायला माणसं लागतात: युरोपातलं नवं परिपत्रक आजच वाचणारी आणि उद्या बांधावर जाऊन साध्या मराठीत समजावणारी. कॉमर्सवाल्यांनो, केमिस्ट्रीवाल्यांनो, ॲग्रीवाल्यांनो, ऐकताय ना?

हंगामात दिंडोरी, निफाडकडे गेलात तर एखाद्या पॅकहाउसमध्ये परवानगी काढून डोकवा. निर्यातीच्या पेटीवरचं लेबल नीट बघा. अपेडाच्या ‘ग्रेपनेट’मुळे त्यावरच्या नंबरावरून द्राक्ष कुणाच्या, कोणत्या प्लॉटमधून आलं ते शोधता येतं.