गुंज: विष नेमकं कुठे असतं?

पावसाळा सरत आला की कुंपणावर चढलेल्या गुंजेच्या वेलाला फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पुढे शेंगा वाळून तडकतात, आत चिकटलेल्या लालभडक बिया दिसू लागतात आणि पोरं धावत सुटतात. तिथेच मोठ्यांची ओरड सुरू होते: हात लावू नका, विष चढेल!

हात लावल्याने विष चढत नाही. ते बीच्या टणक सालीखाली असतं. ॲब्रिन नावाचं हे द्रव्य पेशींमध्ये प्रथिनं तयार होण्याचं कामच बंद पाडतं. अख्खी गिळलेली बी बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. पण चावलेली, फुटलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास, कधी दिवसही लागतात, आणि या विषावर उतारा नाही. म्हणून ‘पोर खेळतंय की छान’ असं म्हणत वाट बघू नये, लगेच दवाखाना गाठावा. बी चावली की अख्खी गिळली, याचा काथ्याकूट घरी करत बसू नये.

पांढरी गुंज औषधी म्हणून निर्धोक, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. साल पांढरी असली तरी आत ॲब्रिन असतंच. विड्यात घालतात तो गुंजेचा पाला गोड लागतो खरा, पण पाल्याच्या गोडव्यावरून बीची परीक्षा करू नये.

आता वजनाचं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची. यावरून प्रत्येक गुंज अगदी सारख्या वजनाची असते असं लोक सांगतात. वेलावरच्या बिया लहानमोठ्या असतात. वजनाला वापरायच्या गुंजा निवडूनच घ्याव्या लागत.

आणि बाजारात गुंज म्हणून मिळणारी मोठी, चपटी, पूर्ण लाल बी ही रतनगुंज. तीही शेंगवर्गातलीच, पण मोठ्या झाडाची. वेलावरची लाल गुंज तळहातावर उलटून बघा: एका टोकाला काळा डाग, आणि त्या काळ्यातच बारीकसा पांढुरका ठिपका. बी शेंगेला चिकटलेली असते ती तिथे.