सवायकी, दिडकी आणि व्यावसायिक गणित

बालाघाटहून सिवनीच्या रस्त्यास लागले, की वाटेत लालबर्रा येते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हे तहसिलीचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, बाजारात हिंदी आणि घराघरांत पवारी किंवा मराठी. आमच्या परिचयाच्या अशाच एका घरातील मुलगी तेथे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात शिकते. दहावीनंतर तिने गणितास रामराम ठोकला होता. वाणिज्य घेतले म्हणजे ही ब्याद कायमची टळली, अशी तिची समजूत. आणि महाविद्यालयात पाऊल टाकताच 'व्यावसायिक गणित' नावाचे पुस्तक हाती आले. पहिल्या चाचणीत तिला शंभरांपैकी एकोणीस गुण मिळाले. घरात रडारड झाली आणि शिक्षण सोडण्याची भाषाही निघाली.

आम्ही ते पुस्तक मागून घेतले व चाळून पाहिले. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, सरळ व चक्रवाढ व्याज, लघुगणक, समीकरणे. यातले अर्ध्याहून अधिक आमच्या आजोबांना तोंडपाठ होते. फरक एवढाच की त्यांना ते गणित आहे हे ठाऊक नव्हते. मुलीची खरी अडचण आम्हांस निराळ्याच ठिकाणी दिसली. घरात ती मुद्दल म्हणते, पुस्तक म्हणते मूलधन. आजीची रास तेथे मिश्रधन होते, सरासरीची औसत होते, गुणोत्तराचे अनुपात. शब्द परके नाहीत, पण घरचेही नाहीत, आणि परीक्षेच्या घाईत एवढे अंतर पुरेसे होते. 1956 पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि आमच्या मुलांचे हिशेब हिंदीत गेले. त्याबद्दल तक्रार करण्याचा आमचा हेतू नाही. दोन्ही शब्द जवळ असणे ही श्रीमंतीच आहे. मात्र दोहोंची गाठ कोणीतरी एकदा बांधून द्यावी लागते.

ती गाठ त्या घरात आजीने बांधली. आजीचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तिला अजून येतात. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, हे आता सांगावे लागते! रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होते तोवर या पाढ्यांवाचून बाजारात पाऊल टाकणे कठीण होते. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो व मीटर आले, आणि पाढ्यांची ही सारी पलटण हळूहळू पेन्शनीत निघाली. दशमान पद्धतीने हिशेब सोपा झाला यात शंका नाही. 'रुपयास महिना दोन पैसे' या जुन्या बोलीचा अर्थ चौसष्ट पैशांच्या रुपयात वर्षाला साडेसदतीस टक्के होतो. तीच बोली शंभर पैशांच्या रुपयात चोवीस टक्क्यांची होते. जुन्या लिखापढीत बोली तीच असली, तरी पैसा कोणता हे पाहिल्यावाचून व्याज समजत नाही.

सवायकीचा आणखी एक उपयोग होता, आणि तो तितकासा गोड नव्हता. धानपट्ट्यात पेरणीच्या वेळी बियाणे उसने घ्यावे आणि सुगीनंतर सवाईने फेडावे, अशी चाल होती. वीस कुडोंची खंडी नेली, तर पंचवीस कुडो परत. पाऊस हुकला आणि देणे राहिले, की पंचवीस हेच मुद्दल होई; पुढल्या सुगीस सव्वाएकतीस, तिसऱ्या सुगीस एकोणचाळीस कुडोंच्याही वर. दिढीचा व्यवहार असेल तर वीसचे तीस, तीसचे पंचेचाळीस आणि तिसऱ्या वर्षी साडेसदुसष्ट. आजीने हे आकडे घडाघडा सांगितले तेव्हा नात पुस्तक उघडून बसली होती. तिच्यापुढच्या पानावर चक्रवाढ व्याजाचे सूत्र छापलेले होते. दोघींचे उत्तर एकच आले.

येथे लघुगणकाचाही भाव कळतो. सवाईने मुद्दल दुप्पट व्हावयास किती वर्षे लागतील? दोनाचा लघुगणक 0.3010, सव्वाचा 0.0969, भागाकार केला की तीन वर्षे आणि वर सव्वा महिना. आपल्या धर्मशास्त्रात दामदुप्पटीचा नियम आहे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, असा तो नियम, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो मानीत असत. म्हणजे शास्त्राने घातलेले कुंपण सवाईच्या कर्जाला तीन वर्षांतच येऊन भिडत होते. कोष्टकातले रुक्ष आकडे इतके बोलके असतात, हे आम्हांस महाविद्यालयात असताना कोणी सांगितले नव्हते.

तसे पाहिले तर हा विषय आपल्याकडे नवा नाहीच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) त्रैराशिक आहे, मुद्दल व व्याज यांची उदाहरणे आहेत. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. शके 1128 च्या सुमाराच्या तेथील शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि त्यात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा वाटा मठास दिल्याची नोंद आहे. गणिताच्या मठाचा खर्च बाजाराच्या हिशेबातून चालावा, हे आम्हांस मोठे समर्पक वाटते.

लालबर्र्याच्या बाजारात आजही उदाहरणांची वाण नाही. सरकारी खरेदीत धानाची आर्द्रता सतरा टक्क्यांहून अधिक चालत नाही. शंभर किलो धानात वीस टक्के ओल असेल आणि ती सतरावर आणावयाची असेल, तर वजन किती घटेल? बहुतेक मुले चटकन तीन किलो म्हणतात. आम्हीही तसेच म्हणालो असतो. परंतु कोरडा माल ऐंशी किलो; वाळल्यावर तो एकूण वजनाच्या त्र्याऐंशी टक्के असावयास हवा; म्हणून वजन उरते 96.39 किलो. घट तीन नव्हे, 3.61 किलो. 2024-25 च्या हंगामात सामान्य धानाचा आधारभाव क्विंटलला 2300 रुपये होता. त्या भावाने ही घट 83 रुपयांची झाली. टक्के कशाचे, हा प्रश्न विचारल्याशिवाय टक्क्यांना हात लावू नये, असे आमचे जुने मास्तर म्हणत. मुलीस हे उदाहरण पुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा लवकर समजले, कारण ओल्या धानाची पोती तिने स्वतः अंगणात पसरलेली आहेत.

यंदा त्या घरात मोटारसायकल घेण्याचे ठरत होते. साठ हजारांचे कर्ज, मुदत तीन वर्षे, व्याज 'फक्त शेकडा दहा'. विक्रेत्याने हिशेब मांडून दिला: वर्षास सहा हजार, तीन वर्षांचे अठरा हजार, एकूण अठ्ठ्याहत्तर हजार, छत्तीस हप्ते, दरमहा 2167 रुपये. वडिलांना तो चोख वाटला. मुलीने भिंतीवरचे जुने पंचांग उतरवले आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड सुरू केली. दर महिन्यास मुद्दल फिटत जाते, मग व्याज अखेरपर्यंत पूर्ण साठ हजारांवर का? उरलेल्या मुद्दलावर दहा टक्के धरले, तर हप्ता सुमारे 1936 रुपयांचा होतो. अंतर तीन वर्षांत आठ हजार तीनशेच्या घरात. विक्रेत्याचा हप्ता धरून उलटा हिशेब केला, तर खरा दर अठराच्या आसपास निघाला. तेवढ्यासाठी तिला दोन संध्याकाळी आणि एक खोडरबर खर्ची घालावे लागले.

वडिलांनी कागद दोनदा वाचला व आजीपुढे धरला. आजीने चष्मा लावून नुसती शेवटची ओळ पाहिली. "दिढीच्या भावात नाही, एवढेच," ती म्हणाली. मोटारसायकल पुढच्या सुगीवर गेली. आणि मुलीच्या दुसऱ्या चाचणीचे गुण, आम्ही हे लिहीत आहोत तोवर, अजून लागावयाचे आहेत.