एका घरात दोन वेळा

बँकेत मी तारखेच्या शिक्क्याला फार जपले. सकाळी आधी शिक्क्याची तारीख बदलायची, मग कॅश उघडायची. त्याच माझ्या घरात तारखेपायी कादंबरीचे अख्खे प्रकरण गेले.

माझ्याकडे दोन संगणक. अभ्यासिकेतला जुना आणि बाल्कनीत बसून लिहायला लॅपटॉप. दोन्हींतले लेखन रोज रात्री घरच्या वाय-फायवरून जुळवणारा एक प्रोग्रॅम मुलाने बसवून दिला होता. त्याचा न्याय सरळ : जिच्यावर नंतरची वेळ ती फाइल खरी, दुसरी पुसायची. शुक्रवारी जुन्या संगणकावर नायिकेच्या माहेरपणाची 11 पाने लिहिली. शनिवारी पाहतो तर आठवड्यापूर्वीचा मजकूर!

नातीने पडद्याचा कोपरा दाखवला. "आजोबा, तुमचा कॉम्प्युटर 2012 सालात आहे."

वेबसाइटी दोन दिवस 'सुरक्षित नाही' म्हणून कुरकुरत होत्या, ते याचसाठी. मी खापर इंटरनेटवर फोडत होतो.

एका घरात दोन वेळा नांदणे मुंबईकरांना तसे नवे नाही. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी 39 मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहराने 1955 पर्यंत सोडली नव्हती. पण माझा घोळ वर्षांचा होता. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ आत बसवलेल्या, रुपयाएवढ्या बॅटरीवर चालते. ती संपली होती आणि मी काटकसरीने रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करत होतो.

"मग नेटवरून वेळ का जुळली नाही?" मी विचारले. फरक 15 तासांहून मोठा असला, की घरगुती संगणकावरचे विंडोज सहसा आपणहून हात लावत नाही, म्हणाली. माझ्यातल्या बँकवाल्याला हे पटले. मोठ्या तफावतीला वरिष्ठाची सही हवीच.

वेळ जुळवण्याची ही पद्धत, एनटीपी, अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांची, 1985 सालची. संगणक दूरच्या सर्व्हरला वेळ विचारतो, प्रश्न निघाल्याची आणि उत्तर आल्याची वेळ टिपतो. सर्व्हरकडे गेलेला वेळ वजा करून उरलेल्या प्रवासाचे निम्मे उत्तरात मिळवतो. येण्याजाण्याला सारखाच वेळ लागला, हे मात्र गृहीत!

बॅटरी बदलली, तारीख हाताने घातली, दोन्ही यंत्रांना एकच सर्व्हर दिला. तोवर जुळवणीचा प्रोग्रॅम बंद ठेवला. हे आधी सुचायला हवे होते. आता पुसण्यापूर्वी तो जुनी प्रत वेगळी ठेवतो.

माहेरपण पुन्हा लिहितो आहे. सातव्या पानावर आलो आहे.